पंखा फक्त चारवर!

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा एक छोटासा सर्व्हे करून बघा. 'तुमच्या गाडीच्या एसीचा पंखा एकवर चालतो का?' एवढंच विचारायचं. नवी कोरी गाडी घेतलेले लोक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. पण सेकंडहॅण्ड किंवा बाबांकडून 'वारसाहक्काने' आलेली गाडी चालवणारी पब्लिक हमखास हसेल. 'एकवर? अगं, दोन-तीनवरही नाही चालत. डायरेक्ट चारवर टाकायचा!'

मीसुद्धा याच पब्लिकपैकी. माझी पांढरी हॅचबॅक ११ वर्षांची. मावसभाऊ परदेशी जाताना मला घरच्या भावात देऊन गेला. जानेवारीतल्या एका सकाळी पंख्याचं बटण एकवर फिरवलं. काही नाही. दोन... काही नाही. तीन... शांतता. चारवर मात्र भुर्रर्र करून असं वादळ सुटलं की डॅशबोर्डवरच्या पार्किंगच्या पावत्या मागच्या सीटवर!

आता शहाण्या माणसाने काय करावं? गाडी दाखवावी. मी काय केलं? गाण्यांचा आवाज वाढवला. चारवर चालतोय ना, मग चालू दे की. फ्रीलान्सरच्या बँक बॅलन्सला हेच तत्त्वज्ञान परवडतं. हॅण्ड्सफ्रीवर बोलताना माझी एडिटर विचारायची, 'तू गिरणीत आहेस का गं?' मी म्हणायचे, 'हो, दळण आणायला आलेय.' असे सहा महिने काढले.

घाटातली ती दहा मिनिटं

जुलैतली रात्र. दादरला मावशीकडचं हळदीकुंकू आटोपून आई आणि मी पुण्याला परत निघालो होतो. आई शेजारच्या सीटवर, दाराच्या वरचं हॅण्डल धरून. (मी गाडी चालवत असले की ती ते हॅण्डल सोडत नाही. लायसन्स काढून आठ वर्षं झाली, तरी!) खोपोली मागे पडली, एक्स्प्रेस-वे घाट चढायला लागला आणि पाऊस असा कोसळला की वायपर फुल स्पीडला टाकूनही पुरेना.

आणि अचानक तो भुर्रर्र आवाज बंद झाला.

खरं सांगते, पहिल्या क्षणाला बरंच वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा गाडीत शांतता होती. दुसऱ्या मिनिटाला समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर चढायला लागला. आईने ओढणीने काच पुसली. पुसलेल्या जागी पाण्याच्या रेघा उमटल्या आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे त्यात फुटून पसरले. दोन्ही खिडक्या खाली केल्या, तर पाऊस थेट आईच्या मांडीवर. कडेला थांबावं म्हटलं, तर मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याला तरी मी कुठे दिसणार होते? मधे एका वळणावर दोन-तीन सेकंद असे गेले की मला ना पट्टा दिसत होता, ना कठडा. मी फक्त ट्रकच्या त्या लाल डागांच्या मागे मागे जात राहिले.

लोणावळ्याला बाहेर पडून पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी लावली तेव्हा माझे हात थरथरत होते. आई शांतपणे ओढणी पिळत म्हणाली, 'पंखाच बंद पडलाय ना? इंजिन तर ठीक आहे? मग एवढी का घाबरलीस?' त्या वळणाबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. आता हा लेख वाचून कळेलच!

तोपर्यंत मी या पंख्याला 'कम्फर्ट'च्या खात्यात टाकलं होतं. उकाडा होईल, घाम येईल, मेकअप उतरेल, यापलीकडे काय व्हायचंय? पण पावसाळ्यात या पंख्याचं खरं काम आपल्याला समोरचं दिसू देणं हे असतं. बाहेरच्या पावसाने काच थंड पडलेली असते. आत दोन माणसांचा श्वास, ओले कपडे, ओली छत्री, ओली पायपुसणी. ही दमट हवा थंड काचेला लागली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. एसी या हवेतलं पाणी आधीच काढून घेतो (गाडीखाली जे थेंब थेंब गळतं ते हेच) आणि कोरडी हवा काचेवर सोडतो. पण ती हवा ढकलायला पंखा हवा ना! तो नसेल तर एसीचं बटण दाबा नाहीतर देवाचा धावा करा, फरक शून्य.

हीटरचीही तीच गत. पुण्यात हीटर कोण लावतं, असं म्हणाल. पण मनालीला गाडी घेऊन गेलेल्यांना विचारा. इंजिनमधलं गरम पाणी डॅशबोर्डच्या आतल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि त्यावरून हवा ढकलतो तो हाच पंखा. एसी असो की हीटर, पंखा एकच. खरं तर पावसाळ्यातही काचेवरचं धुकं सगळ्यात झटपट जातं ते दोन्ही एकत्र लावल्यावर. एसी चालू, तापमानाचं बटण थोडं लाल रंगाकडे आणि हवा बाहेरून घेणारा मोड. एसी हवा सुकवतो, हीटर ती गरम करतो आणि अशी कोरडी गरम हवा काच पटापट साफ करते. मला हे घाटानंतर कळलं!

साडेअकरा हजारांचं एस्टिमेट

दुसऱ्या दिवशी गाडी एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. एसी वेटिंग रूम, मशिनची कॉफी, टाय घातलेला अ‍ॅडव्हायजर. त्याने पंखा फिरवून बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, 'मॅडम, ब्लोअर असेंब्ली गेलीय. डॅशबोर्ड खोलावा लागेल. साडेअकरा हजार आणि दोन दिवस.' मी विचारलं, 'पण आधी सहा महिने फक्त चारवर चालत होता, त्याचं काय?' तो गोड हसला. 'मॅडम, जुनी गाडी आहे, असं होतं.'

'असं होतं' हे काही उत्तर नाही. पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षी आम्हाला हेच तर शिकवलं होतं! साडेअकरा हजार खिशात नव्हते हेही आहेच, पण तो भाग आपण सोडून देऊ.

पुण्यात गाडीच्या सुट्या भागांसाठी सगळे रस्ते नाना पेठेत जाऊन मिळतात. तिथल्या एका दुकानदाराने मागच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. पत्र्याची शेड, कपाळावर चष्मा आणि गळ्यात टेस्टर लटकवलेले साठीतले काका. मी 'पंखा बंद पडलाय' म्हणाले तर त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. विचारलं, 'ताई, बंद पडायच्या आधी कसा चालत होता?'

'फक्त चारवर.'

'मग रेजिस्टर आहे. चला, बघू.'

बोनेटला हातही न लावता! मग शेजारच्या सीटसमोरचा ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून त्यांनी खाली उतरवला, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, 'हे बघा.' काळ्या प्लास्टिकच्या हवेच्या बोगद्यात दोन स्क्रूंनी बसवलेला, काड्यापेटीएवढा एक तुकडा होता. त्याला लावलेलं वायरींचं सॉकेट एका बाजूने तपकिरी होऊन वितळलं होतं.

आजीच्या घरातला रेग्युलेटर आठवतो?

पुढची वीस मिनिटं काकांनी मला जे समजावलं, ते इंजिनीअरिंगच्या कुठल्याही मित्राने इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं.

जुन्या घरांमध्ये भिंतीवर छताच्या पंख्याचा तो मोठा, काळा रेग्युलेटर असायचा. पंखा एकवर ठेवला की तो डबा गरम व्हायचा. का? कारण तो पंख्याला कमी वीज देण्यासाठी बाकीची वीज स्वतः पोटात घेऊन जाळायचा. गाडीतही हुबेहूब तेच. पंख्याच्या मोटरला थेट बॅटरीची पूर्ण वीज मिळाली की ती फुल स्पीडने, म्हणजे चारवर फिरते. स्पीड कमी करायचा तर वाटेत अडथळा घालायचा. हा अडथळा म्हणजे रेजिस्टर. त्यात तारेची तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. तीनवर वीज एका वेटोळ्यातून जाते, दोनवर दोन आणि एकवर तिन्हीमधून. चारवर मात्र ती या सगळ्यांना बगल देऊन सरळ मोटरकडे.

म्हणून रेजिस्टर मेला की चार जिवंत राहतो! 'फक्त चारवर चालतो' ही तक्रार म्हणजे गाडीने तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं निदान आहे. एखादंच वेटोळं तुटलं असेल तर फक्त एक किंवा एक-दोन जातात. एक, दोन, तीन एकाच दिवशी गेले, तर बहुतेक वेळा रेजिस्टरवरचा थर्मल फ्यूज उडालेला असतो. हा फ्यूज करंटने नाही, तापमानाने उडतो; रेजिस्टर अति तापला की तो स्वतः वितळून वाट तोडतो.

किती तापतो म्हणाल? काकांनी पाठकोऱ्या कागदावर गणित करून दाखवलं. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. समजा, एकवर मोटरला त्यातले सहाच द्यायचे आहेत आणि चार अँपिअर करंट वाहतोय. उरलेले आठ व्होल्ट गुणिले चार, म्हणजे ३२ वॅट. सोल्डरिंगची इस्त्री साधारण एवढ्याच वॅटची असते! म्हणून हा तुकडा हवेच्या वाटेत बसवलेला असतो. पंख्याचीच हवा त्याला थंड ठेवते.

आता बाकीच्या लक्षणांचंही सांगून टाकते, कारण सगळ्याच गाड्यांचं दुखणं हे नसतं. पंखा एक-दोन-तीनवर चालतो, पण चारवर नाही? मग रेजिस्टर नाही, बटणाचा कॉण्टॅक्ट किंवा चारसाठी वेगळा रिले असेल तर तो. कशावरच नाही? आधी फ्यूज बघा, मग सॉकेट, मग मोटर. खड्ड्यात आदळल्यावर किंवा खालून टिचकी मारल्यावर सुरू होतो? मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. आणि तुमच्या गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर हे वेटोळ्यांचं प्रकरण बहुतेक नसतंच. तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल स्पीड ठरवतं. ते बिघडलं की कधी सगळेच स्पीड जातात, कधी पंखा बंदच होत नाही.

तार जोडून द्या ना!

'काका, मग तो फ्यूज तारेने जोडून टाकला तर?' मी अगदी सहज विचारलं. जुगाड आपल्या रक्तातच आहे. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. 'ताई, तो उडाला म्हणून तुमची गाडी शाबूत आहे. लोक येतात माझ्याकडे तार जोडा म्हणून. मी नाही जोडत.'

घरी येऊन मी यावर थोडा होमवर्क केला आणि काकांना मनातल्या मनात सलाम ठोकला. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा बी या फॅमिली कारला आग लागण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की २०१५ मध्ये कंपनीला दोन लाखांहून जास्त गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या सगळ्या साध्या हीटर-एसीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल नसलेल्या होत्या. कंपनीचं म्हणणं होतं की कुणीतरी पंख्याच्या रेजिस्टरचा थर्मल फ्यूज चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केला, म्हणून आगी लागल्या. म्हणजे आपला तारेचा जुगाडच! पण गोष्ट तिथे संपली नाही. तपासून दिलेल्या गाड्यांनाही आगी लागल्या आणि २०१६ मध्ये गाड्या दुसऱ्यांदा बोलवाव्या लागल्या. यावेळी लक्ष पंख्याच्या मोटरकडे गेलं. २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या ट्रान्सपोर्ट कमिटीने आपल्या अहवालात कंपनीला चांगलंच फैलावर घेतलं. चौकशी उशिरा केली आणि खापर मात्र चुकीच्या दुरुस्तीवर घाईघाईने फोडलं, असा त्याचा सूर होता.

मला या सगळ्यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली ती दुसरी फेरी. फ्यूज उडतो तेव्हा 'फ्यूज उडाला' एवढंच उत्तर पुरत नाही. तो का उडाला?

गुलमोहराची पानं

माझ्या गाडीचं उत्तर गुलमोहर हे होतं!

काकांनी खालून मोटर उतरवली. तिच्यावर पिंजऱ्यासारखं चाक असतं, खारीच्या पिंजऱ्यासारखं. त्यात मूठभर वाळकी, बारीक पानं आणि मातीचा थर. माझी गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. त्याची पानं इतकी छोटी की वायपरखालच्या जाळीतून सुळकन आत. काही छोट्या गाड्यांत केबिन फिल्टरची जागा असते, पण कंपनीतून फिल्टरच बसवून येत नाही, माझी त्यातलीच. फिल्टर असलेल्यांनीही खूश होऊ नये. तो वर्षानुवर्षं बदलला नाही तर हवा अडते, रेजिस्टरला गारवा मिळत नाही आणि तो भाजून निघतो. माझ्या बाबतीत चाक जड झालं होतं, बेअरिंग कोरडं पडलं होतं, मोटर जास्त करंट खेचत होती. आधी रेजिस्टर गेला. मग मी सहा महिने पंखा चारवरच पळवला. म्हणजे सगळा करंट रोज त्याच सॉकेटमधून. ते हळूहळू वितळत गेलं आणि घाटात त्याने मान टाकली. मी गाणी मोठ्याने लावून बसले होते, तेव्हा डॅशबोर्डच्या आत हे चाललं होतं.

काकांनी चाक धुतलं, बेअरिंगला तेलाचे दोन थेंब दिले, मोटर बाहेरच थेट बॅटरीवर चालवून मीटरने करंट मोजला. 'आता ठीक आहे. एवढ्यात मोटर बदलायची गरज नाही.' हे मोजणं महत्त्वाचं. मोटर खरंच गेली असेल आणि तुम्ही फक्त रेजिस्टर बदललात, तर नवाही जळणार. मग त्यांनी मला जुना तुकडा हातात देऊन दुकानात पिटाळलं. 'नुसता दिसायला सारखा नको, नंबर जुळवून आणा. आणि सॉकेटही नवं आणा, वायरींसकट.'

एकूण खर्च सांगू? रेजिस्टर ६५०, सॉकेट २२०, काकांची मजुरी ८००. एक हजार सहाशे सत्तर रुपये. दीड तास. त्यात एक कटिंग चहा काकांकडून.

स्वतः करायचं म्हणाल तर...

रेजिस्टर बदलणं खरोखर अवघड नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो. माझ्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे होता. बहुतेक छोट्या गाड्यांत तिथेच, पंख्याच्या मोटरजवळ सापडतो. पण घाई नको. गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, थोडा वेळ थांबा आणि मगच हात घाला. रेजिस्टर नुकताच चालून तापलेला असेल तर बोटं भाजतील. ग्लोव्ह बॉक्सच्या वरच्या बाजूला प्रवाशाची एअरबॅग असते. पिवळ्या कव्हरच्या वायरी दिसल्या तर त्यांच्या वाटेला जायचं नाही. सॉकेट काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून प्लास्टिक धरून ओढा. सॉकेट जळकं, सैल किंवा तपकिरी दिसलं तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियन गाठा, कारण ती जोडणी नवशिक्याचं काम नाही. आणि नवा रेजिस्टर 'चालतोय का' हे बोगद्याच्या बाहेर लटकवून बघायचा मोह आवरा. हवा नसेल तर तो पटकन तापतो. हा सल्ला काकांचा. त्यांच्याकडे आलेल्या एका हौशी गिऱ्हाइकाच्या कार्पेटला भोक पडलं होतं!

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी जास्त अँपिअरचा टाकणं, हा अजून एक लाडका उपाय. प्लीज नको. मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळते.

पुढच्या शनिवारी पुन्हा आईला घेऊन दादरला निघाले. पाऊस होताच. पंखा एकवर ठेवला, काच लख्ख. घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत आई गप्प होती. मग हॅण्डल न सोडता तिने माझ्याकडे वळून विचारलं, 'काय गं, आज एवढं शांत का? पंखा परत बंद पडला का?'